शेवंतीला दिलेली धुरी

आमच्या घरी धुरी ही मायेची गोष्ट होती. न्हाऊ घातलेल्या बाळाला आजी ओवा आणि वावडिंगाची धुरी द्यायची. संध्याकाळी डास वाढले की मामा गोठ्यात कडुनिंबाचा ओला पाला धुमसत ठेवायचे. डोळे चुरचुरायचे, पण तो वास आला की सगळं ठीक आहे असं वाटायचं.

त्यामुळे बी.एस्सी. अ‍ॅग्रीला 'फ्युमिगेशन'साठी 'धुरीकरण' हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो फार ओळखीचा वाटला. प्रत्यक्षात त्या धुरीत धूर नसतो. रंग नसतो. मारण्याइतकं प्रमाण असलं तरी वासही जवळजवळ येत नाही. ही गोष्ट तिच्याबद्दल आहे, आणि मी तेव्हा मामांपासून लपवलेल्या चार ओळींबद्दल.

मी चोवीस वर्षांची होते. पुणे जिल्ह्यातल्या एका फुलांच्या नर्सरीत माझी पहिली नोकरी होती. आमचं काम सरळ होतं. परदेशातून शेवंतीच्या नव्या जातींच्या कटिंग मागवायच्या, त्यांना मुळं फोडून मातृरोपं तयार करायची, त्या मातृरोपांचे शेंडे खुडून पुन्हा मुळं फोडायची आणि ती रोपं पॉलिहाऊसवाल्या शेतकऱ्यांना द्यायची.

कटिंग म्हणजे काय, हे न पाहिलेल्यांसाठी सांगते. बोटाएवढा शेंडा, त्याला चार-पाच पानं, खाली तिरका काप. मूळ नाही. म्हणजे पाणी ओढायची सोय नाही. पानांत जेवढं अन्न साठलंय त्यावर तो शेंडा जगतो आणि त्यातूनच नवं मूळ काढतो. विमानाच्या पोटात, दोन-चार अंश तापमानाच्या खोक्यात तो झोपल्यासारखा येतो. तिथून प्रो-ट्रेमधल्या कोकोपीटमध्ये, मिस्टखाली. सगळं नीट झालं तर दहा ते चौदा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी फोटो काढून स्टेटसला ठेवला होता.

त्या वर्षी एक पांढरी आणि एक पिवळी अशा दोन जाती येणार होत्या. १२,००० कटिंग. आणि मामांनी पांढऱ्या जातीची ३०,००० रोपं बुक केली होती. माझ्या भरवशावर.

मामा जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या बाजूला राहतात. आयुष्यभर टोमॅटो केले. टोमॅटोच्या भावाचं काय होतं ते तुम्ही बातम्यांत बघताच. कधी सोनं, कधी रस्त्यावर ओतलेला लाल चिखल. म्हणून त्यांनी कर्ज काढून दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस उभं केलं. शेवंती ही दिवसाच्या लांबीवर चालणारी बाई. रात्र मोठी झाली की तिला कळी धरते. म्हणून आधी रात्री दिवे लावून तिला वाढवायचं, मग काळा कपडा ओढून रात्र मोठी करायची, आणि फूल हवं त्या आठवड्यात काढायचं. हिशेब असा होता: जुलैअखेर लागवड, दिवाळीच्या आठवड्यात तोडणी. हा आठवडा चुकला तर फुलं तीच असतात, पण पैसे ते नसतात.

एप्रिलमध्ये खोकी मुंबईला उतरली. मी नर्सरीच्या रेफर व्हॅनमधून तिथे गेले होते. कागद सगळे होते, इम्पोर्ट परमिट, तिकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट. तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी प्रत्येक लॉटमधल्या काही कटिंग उचलल्या आणि पांढऱ्या कागदावर झटकल्या. मग भिंगातून बघितलं आणि भिंग माझ्याकडे दिलं. कागदावर एक फिकट पिवळी रेघ चालत होती. फुलकिडा. मग दुसरा.

अशा वेळी वाटा थोड्या असतात: माल परत पाठवायचा, नष्ट करायचा, नाहीतर धुरी द्यायची. मी नर्सरीत फोन केला. उत्तर आलं, धुरी द्या आणि आजच निघा.

गॅस होता मेथिल ब्रोमाइड. गोदामात धुरी देताना या गॅसमध्ये कधीकधी थोडं क्लोरोपिक्रिन मिसळतात, गळती झाली तर माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून. जिवंत रोपांसाठी तसं करत नाहीत, कारण क्लोरोपिक्रिन झाडाला आणखी वाईट. म्हणजे रोपं वाचवण्यासाठी माणसाला मिळणारी सूचना काढून टाकावी लागते. यंत्रावर आकडे बघत राहायचं, एवढंच.

मेथिल ब्रोमाइड जिवंत पेशीतल्या प्रथिनांना चिकटतो आणि त्यांची कामं बंद पाडतो. किड्याच्या अंगावरच्या श्वासाच्या छिद्रांतून तो आत जातो. पण पानालाही छिद्रं असतात, आणि पानही श्वास घेतं. कोण किडा आणि कोण शेवंती, हे गॅसला कळत नाही. सगळा खेळ प्रमाणाचा, वेळेचा आणि तापमानाचा. किडा मरेल आणि पान वाचेल, अशी एक अरुंद फट असते, त्यातून निसटायचं. निजलेल्या, पानं गळालेल्या काडीला ती फट बऱ्यापैकी रुंद मिळते. कोवळ्या, पानांच्या, मूळ नसलेल्या शेंड्याला फार कमी.

फुलांना आणि रोपांना सहसा देतात तसंच ठरलं: एका घनमीटरला ३२ ग्रॅम, दोन तास, तापमान २१ अंशांच्या वर. खोकी थंडगार होती, म्हणून आधी ती उघडून ठेवली. आणि एप्रिलमधल्या मुंबईच्या हवेत थंड वस्तू उघडल्यावर जे होतं ते झालं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा पानांना घाम फुटला.

धुरी देणारे काका वयस्कर होते. त्यांनी एक पान बोटांत धरून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, तापमान आलंय, पण पानं ओली आहेत. पंखा लावतो, कोरडी होऊ द्या. दोनेक तास."

ओल्या पानावर गॅस जास्त बाधतो, हे मी शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं. पण व्हॅन उभी होती, ड्रायव्हर दोनदा विचारून गेला होता, नर्सरीतून तिसरा फोन आला होता, आणि एक्सप्रेसवेवर घाटात अडकलो तर रात्र होणार होती. मी म्हणाले, "काका, होईल ना एवढ्यात? लावा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ते ताडपत्रीच्या कडांवर वाळूच्या पिशव्या ठेवायला लागले.

दोन तास धुरी, मग हवा खेळती करून गॅस उतरेपर्यंत थांबणं. खोकी पुन्हा उघडली तेव्हा मी आत डोकावले. हिरवीगार, ताजी पानं. कागदावर झटकलं, फुलकिडे मेलेले. मी नर्सरीत मेसेज टाकला: सगळं ओके.

पहिला दिवस, मिस्टखाली सगळं छान. दुसरा दिवस, छान. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या जातीच्या पानांच्या कडा किंचित तेलकट दिसल्या, मला वाटलं पाणी जास्त झालं. चौथ्या दिवशी सकाळी त्या कडा तपकिरी होत्या, आणि मधला शेंडा, जिथून पुढचं सगळं झाड येणार असतं तो बाजरीएवढा ठिपका, काळा पडला होता. एक ट्रे, दुसरा ट्रे, सगळी रांग. मी गुडघ्यावर बसून शेंडे मोजायला लागले आणि मध्येच मोजणं सोडून दिलं.

पिवळी जात बरीच सुटली होती. तीच खोकी, तोच गॅस, तेच दोन तास. शेवंतीत जातीजातीत हा फरक असतो. पांढरीला सोसलं नाही.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. इजा चौथ्या दिवशी झाली नव्हती. ती ताडपत्रीखालीच झाली होती. मी "सगळं ओके" लिहिलं तेव्हा ती त्या हिरव्यागार पानांत होतीच. फक्त दिसायची होती.

नर्सरीत बैठक झाली. पांढऱ्या जातीतल्या साधारण एक तृतीयांश कटिंगना मुळं येतील असा अंदाज निघाला, आणि तो बरोबर ठरला. ज्या येतील त्यांच्यावरून जास्तीचे शेंडे ओढू, बुकिंग भागवू, असं ठरलं. शेतकऱ्यांना आत्ताच काही कळवायची गरज नाही, असंही ठरलं. मला कुणी धमकी दिली नाही, दम दिला नाही. फक्त कुणीतरी म्हणालं, "उगाच घाबरवायचं कशाला?" आणि मी मान हलवली.

त्या रात्री मी मामांना मेसेज लिहिला. चार ओळी. पांढऱ्या जातीला धुरीत इजा झाली आहे, रोपं उशिरा आणि कमी येऊ शकतात, दुसरीकडे चौकशी करून ठेवा, मी मदत करते. लिहिला आणि पुसला. स्वतःला सांगितलं, अजून नक्की काय होतंय ते बघू.

मुळं न फुटलेली कटिंग लगेच मरत नाही, हे तिचं दुर्दैव. ती महिनाभर हिरवी राहू शकते. मीही तशीच राहिले. मामांचा फोन यायचा, "पोरी, आपली रोपं काय म्हणतात?" मी म्हणायचे, "चाललंय मामा."

जुलैच्या मध्यावर मला सांगावंच लागलं. जगलेल्या मातृरोपांचे शेंडे इतक्यांदा खुडले होते की शेवटी आलेल्या कटिंग काडीसारख्या बारीक होत्या. ३०,००० पैकी अर्धीच रोपं वेळेत निघणार होती, तीही एकसारखी नाहीत. बाकीची तीन आठवड्यांनी. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून एसटी पकडून नारायणगावला गेले.

मामांचे बेड तयार होते. ड्रिप टाकलेलं, जाळी ताणलेली, दिव्यांची माळ वर लावलेली. लग्नाचा मांडव घालून ठेवावा तसं ते रिकामं पॉलिहाऊस. मी सगळं सांगितलं. किडा, गॅस, ओली पानं, काका काय म्हणाले ते, मी काय म्हणाले तेही.

मामा बराच वेळ ड्रिपच्या नळीतला एक कचरा नखाने काढत राहिले. मग म्हणाले, "चौथ्या दिवशी कळलं होतं ना तुला?"

"हो."

"म्हणजे एप्रिलात."

"हो मामा."

"एप्रिलात मला दुसरीकडं रोपं मिळाली असती."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. मामीने चहा आणला, तो तिघांनीही गार होऊ दिला.

मी स्वतःला वाचवायला म्हणाले, "हा गॅसच वाईट आहे मामा. ओझोनच्या थराला भोकं पाडतो म्हणून माँट्रियल करारात त्यावर बंदी आणली, विकसित देशांनी २००५ पर्यंत बाकी सगळा वापर थांबवायचा होता, आपल्यासारख्यांनी २०१५ पर्यंत. फक्त क्वारंटाइनला सूट ठेवली. एक-दोन फुलकिड्यांसाठी १२,००० रोपांवर हा गॅस सोडायचा म्हणजे..."

मामा उठले आणि बाहेर गेले. बांधावर टोमॅटोचे पाच-सहा वेल घरापुरते लावलेले होते. त्यांनी एक पान तोडून आणून माझ्या हातात दिलं. पानावर पांढरी, वळणावळणाची नक्षी होती.

लहानपणी मला ती नक्षी फार आवडायची. कुणीतरी पानावर रांगोळी काढली आहे असं वाटायचं. ती नागअळीची वाट असते. पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये बसून अळी हिरवं खात पुढे सरकते, मागे पांढरा रस्ता उरतो. मामांनी तिच्यावर वर्षानुवर्षं किती फवारण्या केल्या असतील, त्याचा हिशेब त्यांनीही ठेवलेला नाही.

"ही आमच्या लहानपणी नव्हती," मामा म्हणाले. "नंतर आली. कुठून आली देव जाणे."

कुठून आली ते मला माहीत होतं. कॉलेजात शिकवलं होतं. ही अमेरिकन नागअळी, लिरिओमायझा ट्रायफोलाय. आपल्या देशात ती १९९०-९१च्या सुमारास आली. आणि ती कशासोबत आली, याचं सगळ्या पुस्तकांत दिलेलं उत्तर एकच आहे: शेवंतीच्या कटिंगसोबत. तिथून टोमॅटो, एरंडी, काकडी, कापूस, जे सापडेल त्यावर गेली.

मी हे मामांना सांगितलं. ते हसले, पण ते हसू आनंदाचं नव्हतं. "म्हणजे तेव्हा कुणी नीट बघितलं नाही, त्याचं मी भरलं. आता नीट बघितलं तर तुम्हाला घाई झाली, त्याचंही मीच भरतोय."

मला वाटतं, या विषयावर मी वाचलेल्या सगळ्या पानांपेक्षा त्या वाक्यात जास्त आहे.

कारण धुरीच्या इतिहासाची सुरुवातही शोभेच्या झाडापासूनच होते. १८६८च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात बाभळीच्या जातीची झाडं गेली, त्यांच्यासोबत कापसासारखी पांढरी दिसणारी एक खवले कीड गेली, आणि तिने संत्र्यांच्या बागा संपवत आणल्या. १८८६ साली डी. डब्ल्यू. कॉक्विलेट यांनी तिच्यावर झाडं तंबूखाली झाकून सायनाइडचा गॅस सोडायला सुरुवात केली. उन्हात पानं जास्त जळत म्हणून ही धुरी रात्रीची द्यायचे. म्हणजे पहिल्या दिवसापासून प्रश्न हाच होता: किडा मारू, पण पानाचं काय? शेवटी ती कीड गॅसने आवरलीच नाही. १८८८-८९मध्ये ऑस्ट्रेलियातून तिचा शत्रू, एक लहानसा लाल ढालकिडा आणून सोडला, त्याने आवरली. १९२८ साली तीच खवले कीड आपल्या निलगिरीत दिसली, तेव्हा इथेही तोच ढालकिडा आणावा लागला.

म्हणून मी आता "गॅसच वाईट" असं म्हणत नाही. आपल्याकडे किडींच्या प्रवेशाविरुद्धचा कायदा १९१४चा आहे, आणि आयातीचे आजचे नियम २००३चे. ते उगाच केलेले नाहीत. त्या दिवशी पांढऱ्या कागदावर चाललेला फुलकिडा मी तसाच नर्सरीत नेला असता, तर कदाचित आणखी वीस वर्षांनी कुणाच्या तरी मिरचीच्या पानावर त्याचा हिशेब झाला असता. अधिकाऱ्यांनी त्यांचं काम केलं. काकांनीही केलं.

पण गॅस हा शेवटचा उपाय आहे, आणि आपण तो वेळ वाचवायला वापरतो. शेवंतीतल्या नागअळीसाठी एक जुना, शहाणा उपाय आहे. कटिंग तीन-चार दिवस साध्या ऊबदार हवेत ठेवायच्या, म्हणजे पानातली अंडी फुटतात. नुकतं घातलेलं अंडं थंडी सहज सोसतं, पण अळीला ती सोसत नाही. मग शून्य अंशाला एक-दोन आठवडे ठेवायचं, अळ्या मरतात. त्यात गॅस नाही, जळकी पानं नाहीत. लागतो फक्त वेळ. तो विमानाकडे नसतो, नर्सरीकडे नसतो, दिवाळीकडे तर नसतोच. आणि जिथे मातृरोपं वाढतात तिथेच ती स्वच्छ ठेवली, रोज भिंग घेऊन बघितली, तर इकडे ताडपत्री ओढायची वेळ कमी येते. तिथेही वेळच लागतो. मला तर फक्त दोन तास द्यायचे होते, पंख्यासाठी.

मामांची फुलं त्या वर्षी दोन टप्प्यांत आली. पहिली अर्धी दिवाळीला, बारीक दांड्याची. उरलेली दिवाळी उलटल्यावर. ती पुण्याला गुलटेकडीच्या फूलबाजारात गेली तेव्हा मी मुद्दाम पहाटे तिथे गेले होते. फुलं सुंदर होती. पांढरीशुभ्र, एकाही पाकळीवर डाग नाही. ज्याने विकत घेतली त्याला काहीच कमी वाटलं नसेल. मामांनी पट्टी बघितली, घडी घालून खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "चल, मिसळ खाऊ."

कर्जाचे हप्ते त्यांनी पुढची दोन वर्षं टोमॅटोवर भरले. त्यातलं थोडं मी भरलं. ते नको म्हणत होते, मामीने घेतलं. मी मामीची आभारी आहे.

मी अजून याच धंद्यात आहे, दुसऱ्या ठिकाणी. आता एक गोष्ट ठरवून करते. लॉटला धुरी दिली की त्याच संध्याकाळी, ज्यांचं ज्यांचं बुकिंग आहे त्या सगळ्यांना मेसेज जातो: तुमच्या लॉटला आज धुरी दिली आहे, इजा झाली असेल तर चार-पाच दिवसांत दिसेल, सातव्या दिवशी फोटोसह कळवते, तोवर दुसरीकडे चौकशी करून ठेवायला हरकत नाही. यामुळे काही बुकिंग जातात. मालक कुरकुरतात. मी पाठवते.

मामांनी पुढच्या वर्षी पुन्हा शेवंती लावली, आणि रोपं माझ्याकडूनच घेतली. मी त्यांनाही तोच मेसेज पाठवला. त्यांचं उत्तर दहा मिनिटांत आलं. त्यात शेवंतीबद्दल काहीच नव्हतं. फक्त विचारलं होतं, "पानं कोरडी होती का?"

मी लिहिलं, "हो मामा. तीन तास थांबले."